बिल्ला आणि नाव : युद्धकालीन छायाचित्रांतील अभिज्ञानाचा प्रश्न

कालिदासाच्या नाटकात अंगठी हरवते आणि दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही. अंगठी सापडते आणि त्याला सारे आठवते. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अशीच एक अंगठी नेमके उलटे काम करते. राक्षसाची नाममुद्रा चाणक्याच्या हाती लागते, तिचा ठसा उमटवलेले बनावट पत्र अस्सल मानले जाते आणि मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडतो. खुणेने ओळख पटते तशी ती खुणेनेच फसवलीही जाते, हे संस्कृत नाट्यपरंपरेला पक्के ठाऊक होते. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये ओळखीच्या प्रकारांची जी प्रतवारी लावली आहे, तीत शरीरावरील वा अंगावरील खुणांनी पटणारी ओळख सर्वांत कमी कलात्मक ठरवली आहे, ओडिसियसच्या पायावरचा व्रण हे त्याचे तेथील उदाहरण. घटनांच्या ओघातून आपोआप उलगडणारी ओळख त्याला श्रेष्ठ वाटते. विसाव्या शतकातील युद्धसाहित्याचा विचार करताना हे दोन्ही दाखले हाताशी ठेवावेत, कारण या शतकाने अभिज्ञानाचे एक नवे, कारखान्यात घडवलेले साधन लाखोंच्या संख्येने माणसांच्या डोक्यावर चढवले : टोपीवरचा पितळी बिल्ला.

जुन्या छायाचित्रातील लष्करी अधिकारी कोण, हे त्याचा बिल्ला आणि गणवेश यांवरून ठरवण्याची एक विद्याच पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने उभी राहिली आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे संग्राहकांचा छंद म्हणून दुर्लक्ष केले. ते योग्य झाले नाही. या विद्येची रीत पाठचिकित्सेच्या रीतीशी फार जवळची आहे. हस्तलिखिताचा काळ ठरवताना अभ्यासक आशयाकडे न पाहता अक्षराच्या वळणाकडे पाहतो. तसाच हा वाचक चेहऱ्याकडे न पाहता बाहीकडे पाहतो. कार्लो गिन्झबर्गने १९७९ साली लिहिलेल्या ‘खुणा’विषयीच्या निबंधात मोरेल्ली, फ्रॉइड आणि शेरलॉक होम्स यांना एका रांगेत बसवले. त्या रांगेत या निनावी बिल्लेवाचकालाही जागा मिळायला हरकत नाही.

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहू. पहिला प्रश्न मुकुटाचा. ब्रिटिश लष्कराच्या अनेक बिल्ल्यांवर राजमुकुट असतो. १९०१ ते १९५२ या काळातील चार राजांच्या कारकिर्दींत त्याची कमान वर उचललेली दिसते, तर एलिझाबेथ दुसरीच्या काळात ती मध्ये खचलेली दिसते. एवढ्या एका वळणाने छायाचित्र अर्ध्या शतकाच्या अलीकडे की पलीकडे ते कळते. (२०२२ साली तिसरा चार्ल्स गादीवर आल्यावर पुन्हा जुन्या घाटाचा मुकुट स्वीकारला गेला, त्यामुळे ही खूणही पुढील अभ्यासकांना चकवणार.) दुसरा प्रश्न हुद्द्याचा. १९०२च्या खाकी गणवेशात पायदळाच्या अधिकाऱ्याचे तारे खांद्यावर नव्हे, तर मनगटापाशी बाहीवर, वेणीकाम केलेल्या पट्टीत असत. शत्रूच्या नेमबाजाला ते दुरूनही दिसत, म्हणून आघाडीवरील कित्येकांनी ते खांद्यावर हलवले. बाहीवरची पद्धत अधिकृतपणे १९२० साली बंद झाली. गार्ड्सच्या पलटणींचे तारे मात्र आधीपासूनच खांद्यावर असत. या पलटणींच्या समारंभी अंगरख्याची बटणेही बोलकी असतात : ग्रेनेडियरची एकेक, कोल्डस्ट्रीमची जोडीने, स्कॉट्सची तिनाच्या गटाने, आयरिशची चाराच्या आणि १९१५ साली उभारलेल्या वेल्श गार्ड्सची पाचाच्या. टोपी हातात धरली असेल किंवा बिल्ल्यावर उजेड पडून तो पांढरा ठिपका झाला असेल, तर बटणे मोजावी लागतात.

यानंतर कॅमेरा स्वतःच्या चुका मिसळतो, आणि त्या समजून घेतल्याशिवाय वाचन पुरे होत नाही. त्या काळातील बहुसंख्य काचा तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळा रंग त्यांवर फिकट उतरे आणि तांबडा काळाभोर. पदकाच्या फितीतील पट्टे त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाच्या उलट दिसतात. त्याहून जुन्या, धातूच्या पत्र्यावरील छायाचित्रांत प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते. अमेरिकी यादवी युद्धातील सैनिकांच्या अशा चित्रांत पट्ट्याच्या बकलावरील अक्षरे उलटी वाचावी लागतात आणि उजवा हात डावा होतो. आणखी एक अडचण साधी पण मूलभूत आहे. व्यक्तिचित्र समोरून घेतले जाते, काही पलटणींची मानाची खूण मात्र पाठीमागे असते. ग्लॉस्टरशायर पलटण १८०१च्या अलेक्झांड्रियाच्या लढाईची आठवण म्हणून टोपीच्या मागे दुसरा छोटा बिल्ला लावी. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स कॉलरच्या मागे काळ्या फिती लावत. रॉबर्ट ग्रेव्हजने ‘गुडबाय टू ऑल दॅट’मध्ये (१९२९) या फितींचे आणि पलटणीच्या नावातील एका जुन्या अक्षराचे माहात्म्य रंगवून सांगितले आहे, ‘वेल्श’ शब्दातील ते ‘सी’ अक्षर लष्कराने अधिकृतपणे १९२० साली मान्य केले. ग्रेव्हजचा स्वर थट्टेचा आहे, पण अभिमान खरा आहे. छायाचित्र या अभिमानाविषयी मुके राहते. तो केवळ गद्यात सापडतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट होते. बिल्ला पलटण सांगतो, तारा हुद्दा सांगतो, फीत पराक्रम सांगते. नाव यांपैकी कोणीच सांगत नाही. चिन्हमीमांसेच्या भाषेत ही जातिवाचक चिन्हे आहेत. व्यक्तीपर्यंत पोहोचायचे तर छापील अधिकारी-सूची, राजपत्र, कुटुंबातील पत्रे असा दुसरा पाठ शेजारी ठेवावा लागतो. रोलां बार्थने ‘कॅमेरा ल्युसिडा’त (१९८०) छायाचित्रातील सांस्कृतिक, सर्वांना कळणारा आशय आणि बघणाऱ्याला एकट्यालाच टोचणारा तपशील असा भेद केला. गणवेश अर्थातच पहिल्या खात्यात पडेल. पण बेपत्ता मुलाच्या छायाचित्रात बाहीवर एक तारा आहे की दोन, हे भिंग लावून पाहणाऱ्या बापाच्या दृष्टीने हा भेद टिकत नाही. सर्वांत जातिवाचक तपशीलच तेथे सर्वांत टोचणारा होतो.

कवींच्या छायाचित्रांवरून हे चांगले पडताळता येते. विल्फ्रेड ओवेनचे सर्वपरिचित छायाचित्र त्याच्या मावशीचा नवरा जॉन गन्स्टन याने १९१६ साली काढले. ओवेन तेव्हा मँचेस्टर रेजिमेंटमध्ये नुकताच सेकंड लेफ्टनंट झाला होता. त्या पलटणीचा बिल्ला तेव्हा मँचेस्टर शहराच्या मानचिन्हाचा होता; कमळासारखे फुलाचे चिन्ह तिने १९२३ साली घेतले. म्हणजे फुलाचा बिल्ला दाखवणारे एखादे छायाचित्र ओवेनचे म्हणून पुढे आले, तर चेहरा कितीही जुळला तरी ते नाकारावे लागेल. त्याच्या छातीवर मिलिटरी क्रॉसची फीतही कोणत्याच छायाचित्रात असू शकत नाही. ऑक्टोबर १९१८मधील कामगिरीबद्दलचा तो सन्मान जाहीर झाला, तेव्हा तो ४ नोव्हेंबरला मारला गेलेला होता. सिगफ्रीड ससूनचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. त्याला हाच सन्मान १९१६ साली मिळाला आणि जुलै १९१७मध्ये युद्धाचा निषेध म्हणून त्याने आपल्या अंगरख्यावरील फीत उसवून मर्सी नदीच्या मुखाशी फेकली. पदक फेकले अशी आख्यायिका पसरली. खुद्द पदक २००७ साली कुटुंबीयांकडे सापडले. पुढे १९१८ साली तो पुन्हा आघाडीवर गेला. फीत नसलेले छायाचित्र सन्मानापूर्वीचे की निषेधानंतरचे, हे गणवेश सांगू शकत नाही. एकच अभाव दोन परस्परविरोधी अर्थ घेऊन उभा राहतो. ससूनने आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांत तर पलटणीचेच नाव बदलून ‘फ्लिंटशायर फ्युझिलिअर्स’ केले. शर्स्टन या नायकाच्या टोपीवरचा बिल्ला लेखकाने काढून घेतला, आणि वाचकाने त्याला लेखकच समजू नये याची ती सर्वांत लष्करी तजवीज होती.

या साऱ्या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप मात्र रडयर्ड किपलिंगच्या बाबतीत दिसते. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या या लेखकाने आपल्या अधू डोळ्यांच्या मुलाला, नौदल आणि भूदल दोघांनी नाकारल्यावर, लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकून आयरिश गार्ड्समध्ये अधिकारपद मिळवून दिले. जॉन किपलिंग २७ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत बेपत्ता झाला. अठरावा वाढदिवस होऊन सहा आठवडे झाले होते. बापाने त्याच पलटणीतील वाचलेल्या सैनिकांना गाठून वर्षानुवर्षे विचारपूस केली. देह बापाच्या हयातीत सापडला नाही. १९१७पासून किपलिंग युद्धसमाधी आयोगाचा सदस्य होता. अनोळखी सैनिकाच्या शिळेवर कोरायचे, ईश्वरालाच ठाऊक या अर्थाचे शब्द त्यानेच निवडले. या शिळेची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. वर पलटणीचा बिल्ला कोरलेला, खाली ठाऊक असेल तर हुद्दा, आणि नावाच्या जागी ते शब्द. जुन्या छायाचित्रातील अधिकाऱ्याची जी अवस्था, तीच येथे दगडात उतरली आहे. बिल्ला आहे, नाव नाही.

१९९२ साली आयोगाने एन गावाजवळच्या सेंट मेरीज स्मशानभूमीतील ‘आयरिश गार्ड्सचा लेफ्टनंट’ एवढीच ओळख असलेली समाधी जॉन किपलिंगची असल्याचे जाहीर केले. टोनी आणि व्हॅल्माय होल्ट यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात यावर आक्षेप घेतला. मृत्युसमयी जॉन सेकंड लेफ्टनंट होता, म्हणजे त्याच्या खांद्यावर एक तारा असणार. समाधीतील अधिकाऱ्याचे तर दोन. शिवाय देह सापडल्याची नोंद केलेली जागा तो पडला त्या ठिकाणापासून बरीच दूर होती. समर्थकांनी नकाशाच्या चौकोनाचे अक्षर टिपताना ‘एच’ऐवजी ‘जी’ लिहिले गेले असे दाखवले, आणि बढतीची घोषणा मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली तरी तिचा अंमल मागील तारखेचा होता हे पुढे आणले. पुढील संशोधनाचा कल आयोगाच्या बाजूने झुकला आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला यात अधिक महत्त्वाचे वाटावे ते वेगळेच : या वादातील एक साक्षीदार बापाचे स्वतःचे पुस्तक आहे. ‘द आयरिश गार्ड्स इन द ग्रेट वॉर’ या १९२३च्या दोन खंडांतील इतिहासात किपलिंगने मुलाचा उल्लेख इतर अधिकाऱ्यांच्या ओळीत, एका वाक्यात, सेकंड लेफ्टनंट म्हणून, जखमी व बेपत्ता एवढाच केला आहे. बापाने लिहिलेला एक तारा आणि समाधीतील देहावरचे दोन, यांमध्ये पुढील वाचकांना निवड करावी लागली.

तीन वर्षांनी संग्रहित झालेल्या ‘द गार्डनर’ या कथेत त्याने हा प्रश्न दुसऱ्या अंगाने घेतला. हेलन टरेल जगासमोर ज्याला पुतण्या म्हणून वाढवते तो मायकेल युद्धात मारला जातो. कोसळलेल्या भिंतीखाली गाडला गेलेला त्याचा देह पुढे सापडतो. ओळखपटाची चकती, घड्याळ आणि एका पत्राचे पान यांवरून ओळख पटते, आणि समाधीच्या रांगेचे अक्षर व क्रमांक हेलनला कळवला जातो. किपलिंगला आयुष्यात ज्या खुणा मिळाल्या नाहीत त्या सगळ्या त्याने कथेत एकाच वाक्यात उदारपणे वाटून टाकल्या आहेत. कथेतील मृत अधिकारी लेफ्टनंट आहे, हा योगायोग समजावा. त्यावर फार भार टाकू नये. महत्त्वाचे पुढे आहे. खुणांनी पटलेली ही ओळख कथेत बिनकामाची ठरते. स्मशानभूमीत हेलन ‘पुतण्या’ची समाधी विचारते आणि तेथील माळी तिला तिच्या मुलाची समाधी दाखवतो. त्याने ना चकती पाहिली, ना नोंदवही. ॲरिस्टॉटलची प्रतवारी येथे तंतोतंत लागू पडते : निकृष्ट मानलेली खुणांची ओळख सरकारी पत्रात आटोपते, आणि खरी ओळख कसल्याही खुणेवाचून होते. या माळ्यात ख्रिस्त पाहण्याची समीक्षेची रीत जुनी आहे, आणि कथेच्या शेवटाला तिचा आधारही आहे. परंतु ज्या गृहस्थाने आयोगाच्या बैठकांत बिल्ला, हुद्दा आणि नाव यांचा कोरीव क्रम ठरवण्यात वाटा उचलला, त्यानेच या कथेत तो क्रम निरुपयोगी ठरवला, हा ताण केवळ धार्मिक वाचनात हरवून जातो.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ साली, म्हणजे जॉन किपलिंग बेपत्ता झाला त्याच वर्षी, ‘सरस्वती’त प्रसिद्ध झाली. प्रेमकथा म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या मध्यभागी मात्र गणवेश वाचण्याचे एक पूर्ण प्रकरण आहे. फ्रान्समधील खंदकात ‘लपटन साहेब’ येतात आणि सुभेदाराला बहुतेक शिपायांसह पुढच्या हल्ल्यावर पाठवतात. सुभेदार आज्ञा पाळतो, कारण त्याने पाहिला तो गणवेश. चेहरा त्याने पाहिलेलाच नाही. लहनासिंग मागे राहतो आणि शेगडीच्या उजेडात साहेबाचे केस निराळे कापलेले पाहतो. साहेब शीख शिपायाला सिगारेट देऊ करतो. त्याची उर्दू शुद्ध आहे, पण पुस्तकी आहे. मग लहनासिंग त्याची परीक्षा घेतो. जगाधरीच्या शिकारीची खोटी आठवण रचतो : दोन फुटी शिंगांची नीलगाय, वाटेतल्या देवळात पाणी वाहण्यासाठी थांबलेला मुसलमान खानसामा, आणि साहेब ‘खोत्या’वर बसलेले. खोता म्हणजे पंजाबीत गाढव. साहेब सगळ्याला होकार देतो. खरा साहेब मारला गेला किंवा कैद झाला असून त्याचा गणवेश घालून जर्मन आला आहे, हे आता निश्चित होते.

बिल्लेवाचनाच्या विद्येवर याहून नेमकी टीका त्या काळातील युरोपीय कथेत सहज सापडत नाही. लहनासिंगासमोरील गणवेश खोटा नाही. तो अस्सल आहे, बटणांसह. ‘मुद्राराक्षसा’तील मुद्राही अस्सलच होती. चुकीचा आहे तो त्यातला माणूस, आणि तो उघडा पडतो गणवेशात न मावणाऱ्या गोष्टींतून : केस, तंबाखू, बोली. शिवाय येथे वाचक आणि वाचला जाणारा यांच्या जागा उलटल्या आहेत. सामान्यतः गोरा अधिकारी देशी शिपायाला त्याच्या पगडीवरून, दाढीवरून, जमातीवरून वाचतो. गुलेरींच्या कथेत शीख शिपाई साहेबाला वाचतो, आणि वसाहतीच्या राज्यात साहेबाविषयी शिपायाला किती माहिती होती ते त्या वाचनातून दिसते. कथेचा शेवट पाहावा. लहनासिंगाचा मृत्यू वर्तमानपत्रातील यादीतल्या एका ओळीत येतो : आघाडी, यादीचा क्रमांक, जखमांनी मृत्यू, ७७ शीख रायफल्स, जमादार, नाव. हिंदुस्थानी लष्करात अशी पलटण नव्हती. ७७ हा क्रमांक मोपला रायफल्सचा होता आणि ती पलटण १९०७ साली मोडल्यावर तो रिकामा पडला होता. गुलेरींनी हा अंक जाणून निवडला की सहज, याने फरक पडत नाही. कोणा बिल्लेवाचकाला लहनासिंग सूचीत सापडणार नाही, आणि तरी त्याच्या ओळीत नाव आहे.

हे नाव असणे ही लहान गोष्ट नव्हती. फ्रान्समधील हिंदी सैन्याची १९१५ सालची छायाचित्रे एच. डी. गर्डवुड याने काढली. त्या काळच्या अशा छायाचित्रांखालील ओळींत शिपाई बहुधा पलटणीच्या वा जमातीच्या नावाने येतात : गुरखा, शीख, गढवाली. येथे बिल्लेवाचनाची रीत तोकडी पडते, आणि त्याचे कारण तंत्रापलीकडचे आहे. पगडीवर बहुधा बिल्ला नसे. पगडीचा घाट आणि खांद्यावरचा पितळी अंक यांवरून पलटण कळते. सुभेदार-जमादारांपर्यंत छापील सूची पुरते. शिपायाशी ती संपते. ही विद्या मुळात ज्यांची नावे आधीच कुठेतरी छापली गेली होती त्यांच्यासाठीच पुरेशी आहे, हे तिच्या अभ्यासकांनी उघडपणे मांडायला हवे होते.

मराठी मुलखाशी या प्रश्नाचा संबंध मेसोपोटेमियातून येतो. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या कुटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या. अन्न संपल्यावर शरणागती झाली आणि कैदेच्या वाटेवर पुष्कळ मेले. १९२२ साली मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या व जुने क्रमांक गेले. मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या आणि समाधी नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे सर्व हुद्द्यांची आहेत. हिंदी पलटणींखाली अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि उरलेल्या शिपायांची केवळ संख्या. या विषमतेची कबुली समाधी आयोगाने २०२१च्या अहवालात दिली व माफी मागितली. किपलिंगने पुरस्कारलेल्या, हुद्द्याचा भेद न करता प्रत्येकाचे नाव राखण्याच्या तत्त्वाला दगडावर पडलेली ही फट गुलेरींच्या काल्पनिक ओळीने आधीच भरून काढली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्या काळचे युद्धसाहित्य पुरते वाचले असे होत नाही.

सातारा-रत्नागिरीकडील एखाद्या घरात पगडी घातलेल्या शिपायाचे जुने छायाचित्र निघाले आणि खांद्यावर ११७ हा अंक वाचता आला, तर पलटण, आघाडी आणि कदाचित वेढ्याचे महिनेही सांगता येतात. नाव मात्र अभ्यासकाकडून घराला मिळत नाही. ते घरातल्या कोणाच्या तरी तोंडून अभ्यासकाला मिळावे लागते.